अठ्ठेचाळिसाव्या वर्षी प्राध्यापकी सोडून लाकडासाठी अर्जेंटिना? (शिल्पकार किम युन-शिन)

नवशिकी_पटाशी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली, मी लाकूड कोरायला शिकतेय. (शिकतेय म्हणजे मुख्यतः डाव्या हाताची बोटं कापून घेतेय, ते असो.) परवा 2024 च्या व्हेनिस बिएनालेचे (दर दोन वर्षांनी भरणारं आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन) फोटो चाळत होते आणि एका कोरियन बाईंपाशी अडकले. किम युन-शिन, जन्म 1935. अंगाने एवढ्याशा, पांढरे केस, हातात चालू चेनसॉ, आणि समोर त्यांच्यापेक्षा जाडजूड ओंडका. मदतनीस दिसतच नाही कुठे.

मग शोधाशोध केली. जिथे जावं तिथे तीच गोष्ट: 1983 च्या अखेरीस नातलगांना भेटायला अर्जेंटिनाला गेल्या, तिथली झाडं पाहिली आणि 1984 मध्ये सेऊलची चालू प्राध्यापकी सोडून तिथेच राहिल्या. वय 48. पुढची चाळीस वर्षं मुक्काम ब्युनोस आयर्स.

मला हे पचत नाहीये. झाडं आवडली म्हणून माणूस फार तर चार दिवस जास्त राहतो, घरदार बदलत नाही. स्पॅनिश येत होती का? तिथे ओळखीपाळखीचं कोण होतं? चाळीस वर्षं परक्या गावात काढली तर मैत्रिणी असतीलच की नाही! त्याबद्दल कुठे कुणी ओळ लिहीत नाही. सगळे लाकडावरच घसरतात. कुणाला माहिती असेल तर सांगा.

तिरकस_बुवा

ताई, हे आता ठरून गेलंय. बड्या गॅलऱ्यांना दरवर्षी एक "विस्मृतीत गेलेली आजी" लागते. नव्वदीच्या आसपासची असली की उत्तम, मागून भाव चढवायला बरं पडतं. तोपर्यंत बाईंना कोण विचारत होतं? झाडाची गोष्ट कॅटलॉगवाल्यांनी रंधा मारून गुळगुळीत केलेली असणार.

दक्षिणायन

बुवा, भावाचं तुमचं खरं आहे, पण "कोण विचारत होतं" हे काही खरं नाही. 1973 च्या साओ पाउलो बिएनालेत तिचं काम होतं. तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती.

नवशिकी, आम्ही सहा वर्षं ब्युनोस आयर्सला होतो, नवऱ्याच्या नोकरीपायी. त्यातली शेवटची चार शहराच्या फ्लोरेस भागात. किम युन-शिनचं म्युझियमही फ्लोरेसमध्येच, 2008 साली सुरू झालेलं. त्यामुळे थोडं ऐकलेलं, थोडं पाहिलेलं सांगते. (मी तिला "ती"च म्हणणार. लताला आपण कुठे अहो-जाहो करतो?)

पहिली गोष्ट, 1984 हे तिचं पहिलं जाणं नव्हतंच. जन्म वोनसानचा, म्हणजे आज जो उत्तर कोरिया आहे तिथला. युद्ध आणि फाळणीने ते गाव कायमचं तुटलं. मग सेऊल. 1959 मध्ये होंगिक विद्यापीठातून शिल्पकलेची पदवी, आणि 1964 मध्ये पॅरिस. तिथल्या एकोल दे बोझार या कलाशाळेत शिल्प आणि लिथोग्राफी (शिळाछाप) शिकली, 1969 ला परतली. म्हणजे घर सोडायची बाईंना सवय होती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अचानक अंगात आलं असं काही नाही.

त्या पॅरिसच्या पाच वर्षांत एक गोष्ट अशी घडली की परदेशातली मैत्री म्हटलं की मला तीच आधी आठवते. 1967 मध्ये दक्षिण कोरियाच्या गुप्तहेर खात्याने युरोपात राहणाऱ्या आपल्याच माणसांना उचलून, फसवून सेऊलला नेलं. पूर्व बर्लिनमधल्या उत्तर कोरियाच्या वकिलातीशी संबंध ठेवले, असा आरोप. पश्चिम बर्लिनमधून संगीतकार युन इ-सांग आणि पॅरिसमधून चित्रकार ली उंग-नो. ली उंग-नो म्हणजे पॅरिसमधल्या कोरियन चित्रकारांतलं मोठं नाव. तिथल्या चेर्नुस्की या आशियाई कलेच्या म्युझियमच्या आधाराने 1964 मध्ये पौर्वात्य चित्रकलेची शाळा काढलेला माणूस. तो 1969 पर्यंत तुरुंगात. तुरुंगात म्हणे भात मळून त्याच्या आकृत्या करायचा. आता विचार करा, तुम्ही तिशीतल्या विद्यार्थिनी आहात, परक्या शहरात आपल्या भाषेत दोन शब्द बोलणारं माणूस भेटलं की जीव भांड्यात पडतो, आणि नेमकं कोणाशी बोलावं, कोणाकडे जेवायला जावं याचीच धास्ती. हे तिच्या मुलाखतीतलं नाही, माझं म्हणणं आहे. पण तिच्या पिढीच्या कुठल्याही कोरियन कलावंताचं परदेश वाचताना मी हे साल शेजारी ठेवते.

परत आल्यावर ती सेऊलच्या सांगम्युंग विद्यापीठात शिकवायला लागली. 1974 मध्ये कोरियातल्या शिल्पकार बायकांची संघटना उभी राहिली, त्यात ती पुढे होती. पुरुष शिल्पकारांच्या गर्दीत आपलं वेगळं प्रदर्शन मांडायचं, हा मैत्रीचाच एक प्रकार झाला की.

आता लाकूड. वसाहतीच्या काळात आणि युद्धात कोरियाचे डोंगर बोडके झाले होते, झाडं लावायची मोहीम सत्तरच्या दशकात जोरात होती. म्हणजे शिल्पकाराला मिळणार ते बेताच्या घेराचं लाकूड. तिची सत्तरच्या दशकातली "प्रार्थनांची रास" नावाची कामं पाहा. लहान लहान तुकडे, खाच आणि कुसू करून, एकही खिळा न मारता एकावर एक चढवलेले. जुन्या कोरियन घरांचे सांधे तसेच असतात, आणि डोंगरवाटेला लोक नवस बोलून दगडावर दगड ठेवतात, त्याचीही ती चाल. पण मला वाटतं, रचायचं एक कारण सरळ होतं: अखंड मोठा ओंडका हाताशी नव्हता.

आणि ही बाई अर्जेंटिनात उतरते. तिथे आल्गारोबो, केब्राचो, पालो सांतो. आल्गारोबो आपल्या वेड्या बाभळीच्याच गोतातला, पण बुंधा कवेत न मावणारा. केब्राचोच्या नावाचा अर्थच "कुऱ्हाड मोडणारा". पाण्यात टाकला तर बुडतो इतका जड, रेल्वेचे स्लीपर त्याचेच करायचे. पालो सांतो हिरवट निळसर, चिरला की खोलीभर वास. अशा लाकडाला पटाशी लावून आयुष्य पुरणार नाही, म्हणून चेनसॉ. तेव्हा नवशिकी, "झाडं आवडली" हे सौंदर्यदृष्टीचं वाक्य समजू नका. भरतकामवालीला आयुष्यभर हातरुमालाएवढं कापड मिळावं आणि एक दिवस कुणी अख्खा ताका पुढ्यात टाकावा, तसं ते आहे.

माणसांचं म्हणाल तर ती काही निर्जन बेटावर गेली नव्हती. कोरियन लोकांची पहिली तुकडी 1965 मध्ये अर्जेंटिनात आली, सरकारी करारातून, शेती करायला. शेती फसली, लोक ब्युनोस आयर्सला आले आणि शिवणकामात, विणकामात शिरले. फ्लोरेसच्या दक्षिणेकडे त्यांची जी वस्ती झाली तिला कोरियन लोक "बेक-गू" म्हणतात, म्हणजे एकशे नऊ. तिथे जाणाऱ्या बसचा नंबर 109, म्हणून वस्तीचं नाव 109! आवेल्यानेदा रस्त्यावर आजही कपड्यांची होलसेल दुकानं ओळीने आहेत.

आमची शेजारीण त्यातलीच, साठीची, टी-शर्टांचं दुकान. तिनेच मला म्युझियमला नेलं. वाटेत मला म्हणाली (तिचं स्पॅनिश माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं), "आम्ही सगळे इथे टी-शर्ट विकून पोरांना डॉक्टर करायला आलो. आणि सनसेंगनिम सेऊलमध्ये प्रोफेसर होत्या, तर इथे येऊन लाकडं गोळा करतात." सनसेंगनिम म्हणजे गुरुजी, बाई, सर, सगळं एकत्र. तक्रार केल्यासारखं बोलली, पण दारातून आत शिरताना तिने पदर सारखा करावा तशी ओढणी सारखी केली, ते मी पाहिलं.

आत एका शिल्पापुढे मी बराच वेळ उभी होते. उंची माझ्या खांद्याएवढी. बाहेरून साल तशीच ठेवलेली, काळपट, भेगाळलेली. तिच्यात मधे मधे पाचरीसारखे खोल काप, आणि कापाच्या आत लाकूड एकदम वेगळ्या रंगाचं, उजळ, ओलं वाटावं असं. चेनसॉच्या दातांचे ओरखडे तसेच सोडलेले, पॉलिश नाही. एका बाजूने पाहिलं तर दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी आहेत असं वाटतं, दुसऱ्या बाजूने एकच खांब. तिच्या जवळजवळ सगळ्या शिल्पांना 1970 च्या दशकाच्या शेवटापासून एकच नाव आहे: हाब-ई-हाब-इल, बुन-ई-बुन-इल. मराठीत "दोन मिळवा एक मिळवा, दोन भागा एक भागा" असं काहीतरी होईल. शेजारीण म्हणाली, "दुकानाचा हिशेब वाटतो ना?" वाटतो खरा. पण ओंडक्यात काप घातला की दोन होतात आणि बुडाशी एकच राहतो, हे समोर दिसत असताना नाव अवघड वाटत नाही.

आणि तुमचा मुख्य प्रश्न. सेऊलमधली तिची एक विद्यार्थिनी पुढे अर्जेंटिनात तिच्याबरोबर राहिली. म्युझियमचा कारभार तिनेच सांभाळला. पत्रव्यवहार, कागदपत्रं, पाहुणे, सगळं. प्रसिद्धीच्या फोटोत बाई आणि चेनसॉ असतात, ही फ्रेमच्या बाहेर. मैत्रीण म्हणा, शिष्या म्हणा, घरचं माणूस म्हणा. आपल्याकडे या नात्याला शब्द नाही.

मधल्या काळात मेक्सिकोत जाऊन ऑनिक्स कोरला, 2001-02 च्या सुमारास ब्राझीलमध्ये सोडालाइटसारखे कठीण दगड. ते मला तितकंसं भावलं नाही, दगडात ती जरा जपून वागते.

तिरकस_बुवा

साओ पाउलोचं माहीत नव्हतं, शब्द मागे घेतो. भावाबद्दलचे नाही घेणार.

नवशिकी_पटाशी

दक्षिणायनताई, केवढं लिहिलंत! कुसवाच्या सांध्याचं वाचून मी उठून परत ते फोटो पाहिले. खरंच की, अर्जेंटिनाआधी रचते आणि नंतर चिरते.

एक शंका. एवढा अख्खा ओंडका, गाभ्यासकट, वाळताना तडकत नाही? माझा वीतभर बुंधा आठ दिवसांत टोकापासून मधोमध फाटला. गुरुजी म्हणाले, "गाभा ठेवलास, आता भोग."

सालपट

इथे मी बोलू शकतो, पोटापाण्याचा धंदा आहे. लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडे आकसतं. त्यामुळे गोल ओंडका कुठेतरी फाटणारच, पाचरीसारखी भेग पडणार. फाटू द्यायचं नसेल तर टोकांना मेण लावून वर्षानुवर्षं सावकाश वाळवा, गाभा पोखरून काढा, नाहीतर आपणच आधी खोल काप घाला, म्हणजे ताण तिथे मोकळा होतो. फोटो पाहून मला असं वाटतं की बाईंचे ते पाचरीसारखे काप नुसते दिसण्यापुरते नाहीत. लाकूड जिथे फाटलं असतं, तिथे त्या आधीच पोचल्यात. कच्चा आराखडा न काढता त्या लाकडाकडे बघत बसतात असं वाचलंय. बघत बसतात म्हणजे भेगा वाचत असणार. आमच्याकडचे जुने मिस्त्रीही हेच करायचे, फक्त त्यांना कुणी कलावंत म्हटलं नाही.

चेनसॉबद्दल दोन गोष्टी, कारण नवशिकीबाईंच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळतंय. केब्राचोसारख्या लाकडात चेनची धार बघता बघता जाते. चेनसॉतून सालपटं उडायला हवीत, पिठासारखा भुसा पडू लागला की थांबा आणि कानस घ्या. आणि पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकू देऊ नका, मशीन उलटं तोंडावर येतं. एवढ्या वयात त्या बाई हे एकट्याने करतात याचं मला कौतुक नाही, भीती वाटते.

पालो सांतोबद्दल: 2010 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्सचं (CITES, दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) नियंत्रण आहे. 1984 मध्ये मिळत होतं तसं आता कुणी उचलून आणू शकणार नाही.

मधली_सुट्टी

धागा वाचून राहवलं नाही. मैत्रीचाच विषय आहे तर किम युन-शिनच्या आधीची एक आणि नंतरची एक कोरियन शिल्पकार सांगते.

आधीची किम जोंग-सुक. 1917 चा जन्म, होंगिकमधून शिक्षण पुरं झालं 1953 मध्ये, म्हणजे छत्तिसाव्या वर्षी, तेही ऐन युद्धाच्या धामधुमीत. 1955 मध्ये अमेरिकेत, आधी मिसिसिपी, मग क्रॅनब्रुकची कला अकादमी. परतली ती वेल्डिंग शिकून. पुढे होंगिकमध्येच शिकवलं. पंखांसारखे आकार करायची. परदेशातून तिने मैत्रिणी आणल्या की नाही माहीत नाही, वेल्डिंगची टॉर्च मात्र आणली.

नंतरची यांग हेग्यू, 1971 ची. 1994 मध्ये जर्मनीला गेली, फ्रँकफर्टच्या श्टेडेलशूले या कलाशाळेत शिकली, आता तिथेच शिकवते. तिची एक गोष्ट मला फार आवडते. 2004 मध्ये न विकलेली शिल्पं ठेवायला जागा नव्हती, गोदामाचं भाडं परवडेना. लंडनला प्रदर्शनाचं बोलावणं आलं तर तिने ती सगळी कामं गुंडाळलेल्या अवस्थेतच लाकडी पॅलेटवर रचून मांडली. नाव ठेवलं "स्टोरेज पीस". एका संग्राहकाने तो ढीग विकत घेतला, गोदामाचा प्रश्न मिटला! परदेशात राहणाऱ्या कुणालाही हे कळेल. आमच्या स्वतःच्या चार पेट्या तीन देशांत तीन मैत्रिणींच्या माळ्यावर आहेत. त्यातल्या एकीशी आता बोलणं नाही, पण पेटी आहे. मैत्रीचं बाकी काही टिको न टिको, माळा टिकतो.

नवशिकी_पटाशी

माळा टिकतो 😄 हे मी लिहून ठेवतेय.

दक्षिणायनताई, एकच राहिलं. तुमची ती शेजारीण, तुम्ही दोघी परक्या, दोघींचं स्पॅनिश मोडकं. तिथल्या लोकांशी मैत्री होत होती का? की आपापल्या घोळक्यातच?

दक्षिणायन

होते, पण त्यांच्या पद्धतीने. अर्जेंटिनात 20 जुलैला मित्रदिन असतो, आणि तो भेटकार्डाचा नव्हे, खरोखरीचा. हॉटेलात जागा मिळत नाही, फोन लागत नाहीत. 1969 ला माणूस चंद्रावर उतरला ती तारीख, म्हणून तो दिवस. पहिल्या वर्षी मला कळेना की ऑफिसातल्या बायका मिठ्या का मारताहेत.

आणि माते, म्हणजे तिथला चहासारखा पाल्याचा काढा. एकच वाडगं, एकच धातूची नळी, सगळ्यांनी आळीपाळीने ओढायचं. माझं उष्ट्याचं सोवळं तिथे पहिल्या आठवड्यात सुटलं. फजिती वेगळीच झाली. वाडगं हातात आलं की मी दरवेळी नम्रपणे "ग्रासियास" म्हणायचे. तिथे माते परत देताना "ग्रासियास" म्हणजे "बस, मला आता नको". तीन महिने प्रत्येक बैठकीत मला एकदाच माते मिळालं आणि मी मनात म्हणत होते की परकी म्हणून टाळतात. हे मला शेवटी कुणी सांगितलं? टी-शर्टवालीने. तिचं स्वतःचं वर्षभर तसंच झालं होतं म्हणे. त्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघींनी तिचा थर्मास रिकामा केला, तोंडातून "ग्रासियास" म्हणून काढलं नाही.

शिल्पकार बाईंना मी एकदाच पाहिलं, लांबून. रंगकाम चाललं होतं, मनगटापर्यंत रंग. पुढे कोविडमध्ये बाहेरून लाकूड येणं थांबलं तेव्हा तिने उरलेले तुकडे, ढलपे जोडून रंगवले, हे परत आल्यावर वाचलं. म्हणजे फिरून पुन्हा तुकडे जोडणं आलंच, फक्त आता रंगीत. 2023 मध्ये सेऊलच्या नाम-सेऊल म्युझियममध्ये मोठं प्रदर्शन झालं, नंतर व्हेनिस. आता कामाचा मुक्काम पुन्हा कोरियात आहे. शेजारणीला मी ती बातमी पाठवली होती. उत्तर आलं, "गेल्या? मग त्यांची लाकडं?"

सालपट

रास्त प्रश्न आहे. केब्राचोचा ओंडका विमानात कोण घेणार.

नवशिकी_पटाशी

सगळ्यांचे आभार (ग्रासियास म्हणत नाही, अजून हवंय). काल रस्त्याकडेला पडलेला बाभळीचा बुंधा उचलून आणला, दोन माणसं लागली. सालपटदादा, दोन्ही टोकांना मेण लावलंय. साल काढलेली नाही. गुरुजी विचारताहेत काय करणार त्याचं. म्हटलं, सध्या बघतेय.